लहान ग्लासाची बाजू

परमिट रूममध्ये बिअर मागितली की वेटर दोन गोष्टी विचारतो: माइल्ड की स्ट्राँग, आणि चिल्ड की साधी. गिऱ्हाईक ब्रँडचं नाव सांगतं, बाटली टेबलावर येते, बूच उडतं आणि व्यवहार संपतो. बाटली कधी भरली, ट्रकमध्ये किती दिवस उन्हात तापली, आत कोणतं धान्य आहे, हे कोणी विचारत नाही. विचारलं तरी सांगायला तिथे कोणी नसतं. आपल्याकडच्या बहुतेक बिअर पिणाऱ्यांचं शिक्षण या दोन प्रश्नांवर झालं आहे, आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. सरकारी हिशेबही असाच चालतो. अल्कोहोल पाच टक्क्यांपर्यंत असेल तर माइल्ड, त्यावर स्ट्राँग. देशात खपणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँगचा वाटा फार मोठा आहे, कारण खिशातल्या पैशांत जास्तीत जास्त काय चढेल, हे गणित सगळ्यांना येतं. चवीचं गणित कोणी शिकवलेलंच नाही.

हे पुस्तक त्या दुसऱ्या गणिताचं आहे. त्याचा विषय दिसायला अगदी छोटा आहे: आपल्या शहरातल्या ब्रूपबमध्ये, म्हणजे स्वतःची बिअर बनवणाऱ्या पबमध्ये, होणाऱ्या बिअर टेस्टिंगच्या संध्याकाळी. या संध्याकाळींचा साचा आता बराचसा ठरून गेला आहे. गर्दीचा शनिवार टाळून मधला एखादा वार निवडतात. लांब टेबलावर प्रत्येकापुढे एक लाकडी फळी येते आणि तिच्यावर चार ते सहा लहान ग्लास असतात. या संचाला फ्लाइट म्हणतात. एकेका ग्लासात 60 ते 100 मिलीलिटर बिअर असते. ज्याने ती बनवली तो ब्रुअर समोर उभा राहून एकेक ग्लास उचलायला सांगतो, धान्याबद्दल आणि यीस्टबद्दल बोलतो, मूठभर भाजलेलं माल्ट चावून बघायला देतो. दोन तासांत माणसाच्या पोटात एका मोठ्या मगाएवढीच बिअर जाते. बाकीचा वेळ वास घेण्यात, वाद घालण्यात आणि शेजाऱ्याचं मत ऐकून आपलं बदलण्यात जातो.

या कार्यक्रमाला हौशी लोकांचा खेळ म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. बिअर जशी बनवणाऱ्याच्या हातात असते, तशीच ती पिणाऱ्याच्या जिभेवर अवलंबून असते. ज्या गावातल्या गिऱ्हाइकाला खराब बिअर ओळखता येत नाही, त्या गावात चांगली बिअर फार काळ टिकत नाही. टेस्टिंगच्या टेबलावर गिऱ्हाईक घडतं, आणि असं गिऱ्हाईक घडल्याने बिअरचा इतिहास निदान दोनदा बदलला आहे.

पहिली गोष्ट ब्रिटनची. 1960 च्या दशकात तिथल्या मोठ्या कंपन्यांनी गावोगावच्या ब्रुअरी विकत घेतल्या, त्यांतल्या कित्येक बंद केल्या आणि पबमध्ये गाळलेली, पाश्चरीकरण केलेली, कार्बन डायऑक्साइडच्या दाबाने ढकललेली केग बिअर आणली. ती टिकायची, सगळीकडे सारखी लागायची आणि बेचव असायची. पिंपातच मुरणारी, पंपाने खेचून दिली जाणारी जुनी एल मागे पडत चालली. 1971 मध्ये सुट्टीवर आयर्लंडला गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी या प्रकाराविरुद्ध एक संघटना काढली. तिचंच पुढे ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’, म्हणजे ‘कॅमरा’ झालं. त्यांच्याकडे भांडवल नव्हतं. त्यांनी चांगली एल देणाऱ्या पबची मार्गदर्शिका छापली, 1975 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये बिअरचं प्रदर्शन भरवलं आणि 1977 मध्ये अलेक्झांड्रा पॅलेसला ‘ग्रेट ब्रिटिश बिअर फेस्टिव्हल’ सुरू केला. लोक एका जागी येऊन वेगवेगळ्या गावांची एल शेजारीशेजारी ठेवून पिऊ लागले. तुलना करता आली की निवड करता येते, आणि निवड करणारं गिऱ्हाईक कंपनीला परवडत नाही. ब्रिटनमध्ये पाइंटचा तिसरा हिस्सा हेही अधिकृत माप आहे, आणि महोत्सवांतून त्या मापाला खरा उपयोग मिळाला.

दुसरी गोष्ट अमेरिकेची. 1970 च्या दशकाअखेर त्या अवाढव्य देशात शंभरहून कमी ब्रुअरी उरल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेक एकाच प्रकारची फिकट लागर बनवत होत्या. 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने घरी बिअर बनवण्यावरचं केंद्रीय बंधन उठलं. गॅरेजमधल्या पातेल्यांतून शिकलेल्या माणसांनी पुढे धंदे काढले. केन ग्रॉसमन यांची सिएरा नेव्हाडा ब्रुअरी 1980 ची. चार्ली पापाझियन यांनी 1982 मध्ये कोलोराडोतल्या बोल्डरला ‘ग्रेट अमेरिकन बिअर फेस्टिव्हल’ भरवला. तिथेही मोठा मग नव्हता. लहान ग्लास घेऊन लोक एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे फिरत होते. आज अमेरिकेत नऊ हजारांहून जास्त ब्रुअरी आहेत.

आपल्याकडची गोष्ट उशिरा सुरू झाली, पण ती पुण्यात सुरू झाली ही मराठी वाचकाला सुखावणारी बाब आहे. 2009 मध्ये पुण्याच्या कोरिंथियन्स क्लबमध्ये ‘डूलाली’ने स्वतः बनवलेली बिअर नळातून द्यायला सुरुवात केली. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींमध्ये तिची गणना होते. पुढच्या वर्षी बंगळुरूत ‘टॉइट’ आली. मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स’, कोरेगाव पार्कात ‘एफिंगट’, मुंबईत लोअर परळला ‘बार्किंग डिअर’ आणि ‘व्हाइट आउल’ अशी नावं काही वर्षांत जमा झाली. ‘गेटवे’ने आपली ब्रुअरी डोंबिवलीत थाटली. रंगरसायनांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावातून गव्हाची बिअर मुंबईच्या पबांत जाऊ लागली. पुण्याच्या ‘ग्रेट स्टेट’ने कोकम आणि मीठ घालून एल केली. ‘मूनशाइन’ने पुणे परिसरातच मधापासून मीड बनवायला घेतलं.

महाराष्ट्रात बिअर त्याआधीही भरपूर बनत होती. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमध्ये मोठ्या कंपन्यांचे कारखाने आहेत. पण तिथे पिणाऱ्याची आणि बनवणाऱ्याची गाठ पडत नाही. ब्रूपबमध्ये काचेपलीकडे टाक्या दिसतात, आणि टाकीजवळ उभा असलेला माणूस आपल्या टेबलापाशी येऊ शकतो. टेस्टिंगची सगळी मदार या कमी अंतरावर आहे.

आता ग्लासात काय असतं ते बघू. पुस्तकातली प्रकरणं हे तपशिलात सांगतात. इथे वाट कळण्यापुरतं. बार्ली भिजवून, मोड आणून, वाळवली की तिचं माल्ट होतं. ते भरडून साधारण 65 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की त्यातली एन्झाइम्स पिष्टाची साखर करतात. हे गोड पाणी तास-दीड तास हॉप्सबरोबर उकळतात. हॉप्स ही एक वेल, आणि तिच्या मादी फुलांत राळेसारखी कडू द्रव्यं असतात. लवकर घातलेल्या हॉप्सचा कडूपणा उतरतो, उशिरा घातलेल्यांचा सुगंध. मग पाणी गार करून यीस्ट सोडतात आणि साखरेचं अल्कोहोल होतं. माल्ट जितकं जास्त भाजलेलं तितकी बिअर गडद. स्टाउटमधला कॉफीचा वास बहुतेक वेळा कॉफीचा नसतोच, तो करपण्याच्या सीमेवर भाजलेल्या बार्लीचा असतो.

यीस्टचं काम माणसाला फार उशिरा कळलं. बव्हेरियात 1516 मध्ये निघालेल्या प्रसिद्ध फर्मानात बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच असावं असं म्हटलं आहे; यीस्टचा उल्लेख नाही. लुई पाश्चर यांचा बिअरवरचा ग्रंथ 1876 चा. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी यीस्टचा एकच शुद्ध वाण वेगळा काढून वाढवला. आज टेस्टिंगमध्ये जर्मन धाटणीची गव्हाची बिअर हातात आली की तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. टाकीत केळं नसतं, लवंगही नसते. दोन्ही यीस्टची करणी आहे. आंबवण्याचं तापमान थोडं चढलं की केळं पुढे येतं, खाली राहिलं तर लवंग. ब्रुअरने हे एकदा सांगितलं की ऐकणारा माणूस पुढच्या खेपेला वास घेतल्याशिवाय घोट घेत नाही.

पुण्यामुंबईच्या बऱ्याच ब्रूपबमध्ये हीच गव्हाची बिअर सर्वांत जास्त का विकली जाते, याचं उत्तरही टाकीत आहे. ती कमी कडू असते, उन्हाळ्यात बरी वाटते, आणि दोनेक आठवड्यांत तयार होते. लागरला थंडीत महिनाभर किंवा जास्त मुरावं लागतं, म्हणजे तेवढे दिवस एक टाकी अडून राहते. लहान जागेत टाक्या मोजक्या आणि भाडं मोठं असतं. त्यामुळे एखाद्या पबने उत्तम पिल्सनर, म्हणजे सोनेरी लागर, ठेवली असेल तर त्याने आपली कमाई थोडी बाजूला ठेवली आहे असं समजावं. फ्लाइटमधला तो सर्वांत साधा, सोनेरी ग्लास बहुतेक लोक घाईत संपवतात. तिथे मुद्दाम थांबावं. 1842 मध्ये योझेफ ग्रोल याने बोहेमियातल्या प्लझेन्यात या प्रकाराची पहिली बिअर केली. त्यात लपायला जागा नाही. हात चुकला की लगेच कळतं.

आयपीएच्या, म्हणजे इंडिया पेल एलच्या, नावात भारत असल्याने तिच्याबद्दल आपल्याकडे फार दंतकथा चालतात. कोण्या एका ब्रुअरने भारतासाठी खास ही बिअर शोधली, असं सर्रास सांगितलं जातं. कागदपत्रांत त्याला भक्कम आधार मिळत नाही. एवढं खरं की लंडनच्या बो भागातली हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोद्यांजवळ होती आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिची पेल एल जहाजाने मुंबई-कोलकात्याला येत होती. ही पिंपं आफ्रिकेला वळसा घालून, दोनदा विषुववृत्त ओलांडून कित्येक महिन्यांनी किनाऱ्याला लागत. पुढे 1820 च्या दशकात बर्टन गावच्या ब्रुअरी या धंद्यात उतरल्या. तिथल्या पाण्यात जिप्सम भरपूर होतं आणि त्याने हॉप्सचा कडूपणा खुलत असे. आज मुंढव्यात मिळणारी आयपीए त्या पिंपांची वारस कमी आणि कॅलिफोर्नियाची जास्त आहे. तिचा संत्र्याच्या सालीसारखा वास अमेरिकन हॉप्सचा आहे. हॉप्स आपण बहुतांशी आयातच करतो, कारण त्या वेलीला थंड हवा आणि उन्हाळ्यात लांब दिवस लागतात.

चांगलं काय ते शिकण्याइतकंच, किंबहुना जास्त, वाईट काय ते शिकणं महत्त्वाचं आहे. माझ्या मते या पुस्तकाचा सर्वांत मोलाचा भाग दोषांचा आहे. बिअरला लोण्याचा किंवा बटर पॉपकॉर्नचा वास आला तर ती टाकीतून घाईने काढलेली असण्याची शक्यता मोठी. यीस्टला हा वास देणारं द्रव्य पुन्हा शोषून घ्यायला वेळ मिळालेला नाही. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास हेही बहुधा अपुऱ्या मुरण्याचं लक्षण. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे उकळी कमी पडली, किंवा गार करायला उशीर झाला. ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे हवा लागली, बिअर शिळी झाली. व्हिनेगरसारखी आंबट झाक नसावी तिथे असेल तर बहुतेक वेळा ब्रुअरचा दोष नसतो, नळ्या धुतलेल्या नसतात. त्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्यात असा या धंद्यातला दंडक आहे. ग्लासच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले असतील तर ग्लास नीट स्वच्छ नाही. ही यादी पाठ असलेली चार माणसं एखाद्या पबमध्ये नेमाने बसू लागली की तिथल्या नळ्या वेळेवर धुतल्या जातात.

टेस्टिंगचे नियम थोडे आहेत. हलक्याकडून भारीकडे जावं. स्टाउट किंवा आयपीए आधी घेतली तर नंतरची पिल्सनर पाण्यासारखी लागते. मधून मधून साधं पाणी प्यावं. बिअर फार गार नको. गोठवणाऱ्या थंडीत वास उडत नाही आणि जीभ बधिर होते. गव्हाच्या बिअरला सहा ते आठ अंश पुरतात, स्टाउटला दहाच्या वर चालतात. ‘एकदम चिल्ड’ हा आपला आग्रह बेचव बिअर खपवणाऱ्यांच्या फार सोयीचा आहे. वाइनचे परीक्षक घोट थुंकून टाकतात. बिअरचे परीक्षक सहसा गिळतात, कारण कडूपणाचा शेवट गिळल्यानंतर कळतो असं ते मानतात. म्हणूनच ग्लास लहान ठेवण्याला पर्याय नाही. सहा मग रिचवून सहाव्याबद्दल मत देणारा माणूस स्वतःबद्दल बोलत असतो, बिअरबद्दल नाही.

चखण्याचा प्रश्न मराठी माणसाला जास्त जिव्हाळ्याचा, आणि इथे इंग्रजी पुस्तकांतले तक्ते कामाला येत नाहीत. त्यांत ठेचा नाही, सुकं मटण नाही, तिरफळ घातलेला बांगडा नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवली तर बरंच साधतं: कडूपणा आणि अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात, माल्टचा गोडवा ती शमवतो. ठेच्याबरोबर कडक आयपीए घेणाऱ्याने आपल्या जबाबदारीवर घ्यावी. कोल्हापुरी रश्श्याला तांबूस, माल्टी एल सोबत करते. तळलेल्या बोंबलाला पिल्सनरचा तजेला हवा. सोलकढीच्या आंबटपणाला ओळखणारी जीभ आंबट बिअरला परकं मानत नाही, आणि गूळपोळीबरोबर ओट घातलेली स्टाउट एकदा घेऊन बघावी. यावर वाद होतील. तसे झाले पाहिजेत.

या सगळ्यावर एक गंभीर आक्षेप आहे, आणि मराठीत दारूवर लिहिणाऱ्याने तो टाळून पुढे जाऊ नये. या राज्यात वर्धा जिल्ह्यात गेली पन्नासेक वर्षं आणि गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. गावातलं दुकान बंद करण्यासाठी उभी बाटली की आडवी बाटली असं मतदान करण्याचा हक्क इथल्या बायकांनी लढून मिळवला. आडव्या बाटलीला मत देणाऱ्या बाईने नवऱ्याच्या दारूचे परिणाम अंगावर झेललेले असतात. तिच्यापुढे हॉप्सच्या सुगंधाची महती गाणं असभ्यपणाचं आहे. शिवाय ब्रूपबमधल्या एका मगाची किंमत रोजगार हमीच्या दिवसाच्या मजुरीच्या सहज वर जाते. हा छंद खिसा भरलेल्यांचा आहे, हे मान्य करूनच बोललं पाहिजे. अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. ही बिअर ‘नैसर्गिक’ आहे म्हणून चालते, असा युक्तिवाद कोणी केला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

तरीही मी टेस्टिंगच्या बाजूने आहे, कारण पिण्याची जी सवय घरं मोडते तिच्याशी या टेबलाचं जमत नाही. तिथे लपवाछपवी नाही. अंधारी खोली नाही, पाठ फिरवून घाईने रिकामा केलेला ग्लास नाही. बायका आणि पुरुष एकाच टेबलावर बसून मत मांडतात आणि न आवडलेला ग्लास अर्धा सोडून देणं हा तिथे शहाणपणा समजतात. कायद्याची चौकट पाळणंही याच शिस्तीत येतं. महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 पूर्ण असावं लागतं आणि पिण्याचा परवाना लागतो. गाडी चालवणाऱ्याच्या 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलीग्रॅमहून जास्त अल्कोहोल आढळलं तर तो गुन्हा आहे. लहान ग्लासांचीही बेरीज होते. येताना रिक्षाने यावं, जाताना रिक्षाने जावं.

हे पुस्तक सरळ पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही. ज्या पबमध्ये जाणार आहात तिथल्या फळ्यावर काय लिहिलंय ते बघून त्या प्रकाराचं प्रकरण आधी वाचावं, आणि परत आल्यावर दोषांचं. समासात लिहिण्यासाठी जागा सोडली आहे. तिथे तारीख, तापमान आणि आपलं मत लिहावं, आणि दोन महिन्यांनी तीच बिअर पुन्हा घेऊन मत टिकतं का ते बघावं. ब्रुअर समोर असेल तर आवडलं हे सांगाच, पण काय खटकलं तेही सांगा. चांगल्या ब्रुअरला दुसऱ्या वाक्याची जास्त गरज असते.

2020 च्या टाळेबंदीत मायक्रोब्रुअरींना ग्राउलर नावाच्या बंद भांड्यातून ताजी बिअर घरी नेऊ देण्याची मुभा मिळाली, तेव्हा बिअर ही नाशवंत वस्तू आहे हे अनेकांना पहिल्यांदाच जाणवलं. दुधाची पिशवी घेताना जी तारीख आपण बघतो, ती बिअरच्या बाबतीत विचारायची सवय मात्र अजून लागलेली नाही. माझी या पुस्तकाकडून एवढीच अपेक्षा आहे. ते वाचून पबमध्ये गेलेल्या वाचकाने स्ट्राँग आहे का, चिल्ड आहे का हे विचारण्याआधी, ही केग कधी भरली, असं विचारावं. पहिल्या रात्री वेटर गोंधळेल आणि आत जाऊन विचारून येईल. असं विचारणारी माणसं वाढली तर महिन्याभरात ती तारीख फळ्यावर, बिअरच्या नावाशेजारी, खडूने लिहिलेली दिसेल.